चाखणबाईची जीभ

आमचं दोघी जावांचं नातं विळ्या-भोपळ्याचं, असं घरातले सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. यातला भोपळा कोण हे अंगकाठीवरून ठरवायचं असेल तर तो मी, मला मान्य आहे. पण धार दोघींच्याही जिभेला आहे. गंमत अशी की आम्ही दोघी पोटही विळीवरच भरतो. घरामागचा रस्ता ओलांडला की साबणाचा कारखाना आहे. त्याच्या कॅन्टीनमध्ये मागच्या बाजूला, मोरीला लागून, दोन विळ्या मांडलेल्या असतात. खिडकीजवळची जाऊबाईंची आणि दाराजवळची माझी. खिडकीत वारा येतो, दारात माशा येतात. मी कामाला नंतर लागले, म्हणून मला दार.

जाऊबाईंना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांच्या त्या चाखणबाई. कारण सांगते. दुधी, दोडका, काकडी आणि पडवळ, या चौघांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बाकी भाज्यांशी त्या मायेनं वागतात. भेंडी पुसून कोरडी केल्याशिवाय तिला विळी लावू द्यायच्या नाहीत, तार सुटते म्हणून. कच्ची केळी चिरली की फोडी लगेच पाण्यात टाकायच्या, काळ्या पडतात. सुरण असला की हाताला तेल आणि पातेल्यात चिंच, नाहीतर जेवणारे दुपारभर घसा खाकरत बसतात आणि ‘खाई त्याला खवखवे’ म्हणत आम्हालाच हसतात. पण त्या चौघांची गोष्ट वेगळी. प्रत्येक फळाची देठाकडची एक चकती कापायची, पुढच्या दातांनी चावायची, जिभेवर फिरवायची. गोड लागली तर फळ चिरायला घ्यायचं. जराशी कडू लागली की चकती मोरीत थुंकायची आणि अख्खं फळ डब्यात फेकायचं. शेजारचं फळ कितीही गोड निघो, एकाचा भरवसा दुसऱ्याला नाही. पोतंभर दुधी आला तर पोतंभर चकत्या.

यामागे त्यांची आत्या आहे. माहेरी त्या लहान असताना आत्यानं कडू दुधीची भाजी खाल्ली. सगळ्यांनी ताटं बाजूला सारली, पण आत्या काटकसरी. कडू असतं ते औषधी असतं, असं म्हणत तिनं पातेलं संपवलं. संध्याकाळपर्यंत तिला रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. वाचली, पण दवाखान्यातून परत आली ती अर्धी होऊन. कारल्याचा कडूपणा त्याचा स्वतःचा असतो, दुधीचा कडूपणा म्हणजे विष, हे जाऊबाईंनी तेव्हापासून गाठीला बांधलं. आमच्या घरातल्या पोरासोरांनाही ते पाठ आहे.

घरात त्यांचा आणखी एक नियम आहे, आणि तो मला पहिल्या दिवसापासून डाचतो. पानात पडेल ते मुकाट खायचं. तोंड वाकडं करायचं नाही. मी सून होऊन आले तेव्हा पहिल्याच जेवणात वांगं बघून माझं नाक मुरडलं गेलं. जाऊबाई म्हणाल्या, “अगं, नाक घरी ठेवून यायचं होतंस.” मी म्हटलं, “नाक ठेवलं असतं, पण तुमच्या घरात ठेवायला जागा कुठाय?” तिथून आमचं जे सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. बाकी सगळे मात्र वळणावर आले. विशेषतः माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादा त्याच कारखान्यात साबणाच्या वड्या कापायच्या मशीनवर आहेत. घरी दारी दोन्हीकडे बायकोच्या हातचं खातात आणि प्रत्येक घासाला मान डोलावतात. यांच्या ताटात साबणाची वडी वाढली तरी फेस येईपर्यंत चावून ‘छान झालीय’ म्हणतील, असं मी एकदा म्हणाले होते. तेव्हाही ते मान डोलावूनच हसले.

हवा बदलली तेव्हा घरात तापाची साथ आली. एकेक करून सगळे पडलो, एकेक करून उठलो. जाऊबाई शेवटी पडल्या आणि सगळ्यांत आधी कामावर गेल्या. मला वाटलं, हाडच चिवट आहे. पण त्यानंतर त्या एका जागी बसेनात.

म्हणजे बसत, आणि लगेच उठत. जेवताना दोन घास घेतले की मीठ बघायला उठत. परत बसल्या की गॅस बंद केलाय का ते बघायला उठत. संध्याकाळी टीव्ही चालू असला तर पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून गॅलरीत, तिथून पुन्हा स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज यायचा. एकदा मी पाणी प्यायला गेले तर चिंचेचा गोळा तोंडात धरून त्या भिंतीकडे बघत उभ्या. मला बघून त्यांनी तो गिळला. एवढी चिंच कुणी गिळत नाही. मी म्हटलं, “या वयात डोहाळे लागले की काय?” एरवी या वाक्याला मला चार तरी ऐकावी लागली असती. त्या नुसत्या गॅलरीत निघून गेल्या, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

कॅन्टीनमध्येही तेच. एक दुधी चिरायच्या, मध्येच उठून हात धुवायच्या, पातेल्यात डोकावायच्या. आमचा आचारी उंच आणि लुकडा, त्याला सगळे पडवळ म्हणतात. त्याच्या मागे जाऊन त्या उभ्या राहायच्या आणि तो दचकायचा. मीठ त्या नेहमी मुठीनं घालायच्या, कधी चुकलं नाही. आता चमच्यानं मोजू लागल्या. आणि सगळ्यांत नवल म्हणजे त्यांचा हात सैल झाला. ज्या बाईनं आजवर काकडीची एक फोड कुणाला फुकट दिली नाही, ती आता येईल-जाईल त्याला चकत्या वाटू लागली. “घे, खाऊन बघ. कशी आहे?” भांडी घासणारी बाई, पडवळ, मुकादम, मी. आम्ही खायचो आणि ‘गोड आहे’ म्हणायचो. कधी मधी एखादी कडू निघायची. मी “शी!” म्हणून मोरीत थुंकायचे आणि त्या ते फळ झटकन उचलून फेकायच्या. तापानं बाई सुधारली, असं मी घरी यजमानांना सांगितलं. माझी अक्कल तेव्हा कुठं शेण खायला गेली होती, कोण जाणे.

मग एका दिवशी लाल भोपळ्याच्या भाजीत मीठ दुप्पट पडलं. शंभर माणसं जेवली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पाणी प्यायले, उठून गेले. मी आपलं ताट घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “जाऊबाई, समुद्र आटवलात की काय भाजीत?”

पडवळ हसला. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग लालबुंद झाला. “उचलली जीभ लावली टाळ्याला! शंभर माणसं जेवली, कुणाला खारट लागली नाही. तुलाच बरी लागली?”

“शंभर माणसांना तुमची भीती वाटते.”

“आणि तुला लाज वाटत नाही.”

झालं. आमचा अबोला सुरू झाला. घरात मुलींकरवी निरोप जाऊ लागले आणि कॅन्टीनमध्ये दोन विळ्यांच्या मधे जणू भिंत उभी राहिली. त्या चकत्या वाटायच्या, पण माझ्या हातावर एकही नाही. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर चकतीची आठवणही यायची.

अबोला चालू असतानाच दुधीचा दिवस आला. त्या दिवशी भांडी घासणारी बाई आली नव्हती आणि तिची भांडी पडवळच्या गळ्यात पडली होती, त्यामुळे तो कुणाशी धड बोलत नव्हता. मुकादम गेटवर गॅसच्या टाक्या उतरवून घेत होते. जाऊबाईंनी पोतं उलटं केलं, एक चकती कापली, हातात धरली आणि इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. मागच्या दारात दादा चहाच्या सुट्टीला आले होते, नेहमीसारखे पायरीवर बसले होते. जाऊबाई चकती घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

“अहो, बघा बरं.”

दादांनी खाल्ली. “छान.”

दुसरी. “छान.”

त्या विळीपासून पायरीपर्यंत येरझारा घालत होत्या. चकती द्यायची, दादांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, परत यायचं, दुधी चिरायचा. मी मनात म्हटलं, बघा कसा नवऱ्याला भरवण्याचा उत्साह आलाय. दादांची मान डोलतच होती. मधे एकदा ती डोलायची थांबली. त्यांनी चावलं, जरा थांबले, गिळलं. “छान आहे,” म्हणाले. भोंगा झाला तसे उठले, आमच्या माठातलं पाणी प्यायले, पुन्हा एक पेला भरून प्यायले आणि मशीनवर गेले.

भाजी शिजत होती. पडवळनं फोडणी दिली होती, वास चांगला सुटला होता. जाऊबाई मात्र शेगडीजवळून मोरीकडे, मोरीकडून दाराकडे, दारातून पुन्हा शेगडीकडे फिरत होत्या. पदरानं हात पुसत होत्या, कोरडेच हात. एकदा त्या माठाजवळ गेल्या आणि दादांनी उपडा ठेवलेला पेला उचलून बघत राहिल्या. तो पेला बघण्यासारखा नव्हता. पण मला तेव्हा आठवलं, दादा खाताना किंवा खाऊन झाल्याझाल्या कधी पाणी पीत नाहीत. पार मागाहून पितात. हे मला माहीत आहे तर त्यांच्या बायकोला किती माहीत असेल.

त्या माझ्या विळीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भाजी चाख,” त्या म्हणाल्या.

अबोल्यानंतरचे पहिले शब्द. आणि मी, देवानं मला काय बुद्धी दिली बघा, मी म्हटलं, “तुम्ही असताना मी कशाला? माझी जीभ वाईट आहे ना?”

पडवळ पळी घेऊन बघत उभा. मुकादम तेवढ्यात आत आलेले. जेवणाचा भोंगा आता होईल, मग होईल, अशी वेळ. जाऊबाईंनी आधी त्या दोघांकडे बघितलं. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, “माझी जीभ गेलीय. तापापासून. मीठ कळत नाही, तिखट कळत नाही, कडू कळत नाही. चिंच आणि चुना एकच लागतं मला. आता तरी चाख, बाई.”

सगळ्या चकत्या, ‘कशी आहे’, टक लावून बघणं, सगळं एकदम उलगडलं. ही बाई आमच्या तोंडांनी चाखत होती आणि मी हिला सुधारली म्हणत होते. मी उठले, पळीतला रस्सा तळहातावर घेतला आणि जीभ लावली. कडूजहर. मोरीपर्यंत जायलाही वेळ नव्हता, तिथेच थुंकले.

“टाका,” मी म्हणाले. “सगळी टाका.”

मुकादम मधे पडले. “टाका काय टाका? माणसं दारात आलीत. गूळ घाला, तिखट घाला. जरा कडवट लागेल, त्यात काय? दुधी औषधी असतो.”

‘औषधी’ हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. जाऊबाईंनी पदर खोचला, दोन फडकी घेतली आणि ते एवढं मोठं पातेलं कडेला धरून ओढलं. पडवळ ओरडला, मी दुसरी कड धरली. आम्ही दोघींनी मिळून ते मोरीत उपडं केलं. मुकादमांच्या बुटांवर थोडी भाजी गेली. गेली तर गेली.

“भात-डाळ आहे. कांदा-टोमॅटो चिर,” जाऊबाई मला म्हणाल्या, आणि तशाच ओल्या पायांनी मशीनकडे धावल्या.

दादा मशीनवर नव्हते. कारखान्याच्या दवाखान्यात खाटेवर पोट धरून पडले होते. मी वाढून झाल्यावर पोचले तोवर त्यांना कितीतरी उलट्या झाल्या होत्या, सलाईन लावलं होतं आणि चेहरा त्यांच्या मशीनवरच्या वडीसारखा पांढरा पडला होता. डॉक्टर म्हणाले, “थोडक्यात निभावलं, पोटात चकत्याच गेल्या. ताटभर भाजी खाल्ली असती तर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं असतं.” जाऊबाई खाटेभोवती फिरत होत्या. या बाजूनं चादर ओढायच्या, त्या बाजूला जाऊन बाटलीतले थेंब बघायच्या, पुन्हा या बाजूला. परिचारिकेनं दोनदा सांगितलं, बसा. त्या बसल्या नाहीत.

ऊन उतरल्यावर दादांनी डोळे उघडले.

“कडू लागलं नाही तुम्हाला?” जाऊबाईंनी विचारलं.

“लागलं.”

“मग बोलला का नाहीत? थुंकायचं होतंत! आत्याची गोष्ट शंभरदा ऐकलीत ना?”

दादा छताकडे बघत म्हणाले, “तू दिलेलं कडू कसं असेल? तू चाखूनच दिलं असणार. मला वाटलं, तापानं माझीच जीभ बिघडली.”

जाऊबाई खाटेची कड धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला कळेना. शेवटी ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

त्यानंतर चाखायचं काम माझ्याकडे आलं. जाऊबाई कापून देतात, मी चावते आणि ‘हो’ किंवा ‘शी’ म्हणते. मुकादमांनी आधी कुरकुर केली, मग बुटांकडे बघून गप्प बसले. विळ्यांची जागा तीच, खिडकी अजून त्यांचीच. मी म्हटलं, “आता जीभ माझी, तर वारापण माझा हवा.” त्या म्हणाल्या, “जिभेला हाड नसतं, तिला वारा कशाला?” म्हणजे तब्येत सुधारत होती. जिभेचं मात्र तसंच होतं. डॉक्टर म्हणाले, येईल चव, कधी ते सांगता येत नाही. आणि घरात डब्यांची झाकणं अजून वाजत होती.

मग एका संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा केल्या होत्या. सगळे जेवायला बसलो. शेंगा चोखल्याचे आवाज सुरू झाले, ताटांच्या कडेला चोथ्यांचे ढीग जमू लागले. जाऊबाई नेहमीप्रमाणे दोन घास खाऊन उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष दादांच्या ताटाकडे गेलं. दादांनी भात कालवून घेतला होता आणि शेंगा एकेक करून कडेला सारल्या होत्या. न चोखलेल्या.

“काय झालं? कडू आहेत?” जाऊबाई अर्धवट उठलेल्या तशाच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, गोड आहेत.

दादांनी नाक मुरडलं. इतक्या वर्षांत त्यांचं नाक मुरडलेलं कुणी बघितलं नव्हतं, आमच्या पोरी घास हातात धरून बघत राहिल्या.

“मला आवडत नाहीत,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“लग्नापासून.”

मला वाटलं, आता काही खरं नाही. लग्नापासून दर आठवड्याला या घरात शेंगा शिजत आल्या होत्या, दादांना आवडतात म्हणून. जाऊबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चकती देऊन बघायच्या तशाच, टक लावून. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटलं.

“मग टाका इकडं माझ्या पानात,” त्या म्हणाल्या. “मला काय, सगळं सारखंच.”

त्यांनी दादांच्या ताटातल्या शेंगा एकेक करून आपल्या ताटात घेतल्या. सावकाश चोखल्या. चोथा काढून कडेला ठेवत, पुढची उचलत. दादा समोर बसून नुसता भात खात होते. मधेच म्हणाले, “भातात मीठ कमी आहे.” कुणीतरी मीठ पुढे केलं. जाऊबाई म्हणाल्या, “सांगत जा असं.” आणि शेवटची शेंग संपेपर्यंत त्या जागच्या उठल्या नाहीत.